बुजरे तट्टू : भीतीकडून विश्वासाकडे

हट्टाला पेटलेल्या माणसाला मराठीत ‘अडेलतट्टू’ म्हणतात. रस्त्यात एकाएकी थांबलेले, कान मागे टाकून पाय रोवलेले, कितीही टाच मारली तरी पुढे न सरकणारे तट्टू या शब्दामागे उभे आहे. तट्टू थांबले म्हणजे ते हट्टी आहे, असे भाषेने गृहीत धरले आणि अनेक स्वारांनीही तेच मानले. त्याच मराठीत घोड्यासाठी आणखी एक शब्द मात्र आहे : ‘बुजणे’. वाऱ्याने फडफडणारी ताडपत्री, अंगावर उघडलेली छत्री, शिगम्यातील ढोल-ताशांचा एकाएकी उठलेला कडकडाट, चतुर्थीच्या दिवसांतील फटाके, यांपैकी कशानेही घोडा बुजतो. थांबलेल्या तट्टाला अडेल म्हणायचे की बुजलेले म्हणायचे, हा केवळ शब्दांचा प्रश्न राहत नाही. त्यावरच पुढची सारी वागणूक ठरते.

अडेल ठरलेल्या तट्टाला मार बसतो. बुजलेल्या तट्टाला मार बसला, तर समोरच्या ताडपत्रीच्या भयात वेदनेची भर पडते आणि पुढच्या वेळी ते ताडपत्रीपासून दहा पावले आधीच थबकते. तिसऱ्या वेळी ते गर्रकन वळून धूम ठोकते. पाठीवरचे मूल खाली पडते आणि तट्टावर ‘खोडकर’ असा शिक्का बसतो. असा शिक्का बसलेले जनावर एका मालकाकडून दुसऱ्याकडे, बहुधा कमी किमतीत आणि अधिक कठोर हातांत जाते. म्हणूनच बुजऱ्या तट्टाचा विश्वास संपादन करण्याची रीत समजून घेणे हे स्वाराच्या सुरक्षिततेइतकेच त्या जनावराच्या भवितव्याच्याही दृष्टीने आवश्यक आहे.

भीतीचे मूळ

घोडा हा मोकळ्या गवताळ माळावर उत्क्रांत झालेला, हिंस्र श्वापदांचे भक्ष्य असलेला प्राणी आहे. शिंगे नाहीत, शिकारी सुळे नाहीत. संकट दिसताच पळणे हाच त्याचा मुख्य बचाव. जो घोडा आधी पळाला आणि मग विचार करू लागला, तो जगला. माणसाशी हजारो वर्षे सहवास होऊनही हा स्वभाव पुसला गेलेला नाही.

त्याची इंद्रियेही याच कामासाठी घडलेली आहेत. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे मान न वळवताही त्याला सभोवतालचा जवळजवळ सारा परिसर दिसतो. कपाळाच्या अगदी पुढचा आणि शेपटीच्या थेट मागचा असे दोन छोटे भाग तेवढे त्याच्या नजरेआड राहतात. तेथून कोणी एकाएकी हात लावला, की तो दचकतो. कडक उन्हातून अंधाऱ्या तबेल्यात शिरताना त्याच्या डोळ्यांना सरावायला माणसापेक्षा अधिक वेळ लागतो. दारात अडलेले तट्टू पुष्कळदा आत काय आहे हे दिसण्याची वाट पाहत असते.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्य विद्यापीठात झालेला एक प्रयोग या संदर्भात बोलका आहे. तरुण घोड्यांना मुलांच्या प्लास्टिकच्या एका मोठ्या खेळण्याजवळून पुनःपुन्हा नेण्यात आले. त्यांना त्याची सवय झाल्यावर तेच खेळणे 90 अंशांत फिरवून ठेवले. घोडे पुन्हा असे दचकले, जणू ती वस्तू ते पहिल्यांदाच पाहत होते. सकाळी जाताना ज्या कचराकुंडीकडे तट्टाने ढुंकूनही पाहिले नाही, तीच परतताना दुसऱ्या बाजूने दिसल्यावर ते का बुजते, याचा उलगडा यातून होतो. स्वाराला तो लहरीपणा वाटतो. तट्टाच्या दृष्टीने ती वस्तूच नवी असते.

आधी दुखणे तपासावे

शिकवणीला हात घालण्यापूर्वी एक प्रश्न विचारणे अनिवार्य आहे : या तट्टाला कोठे दुखत तर नाही ना? पाठीला न बसणारे खोगीर, फार आवळलेला तंग, दाढांना आलेली धारदार टोके, नीट न बसवलेला नाल, पाठीचे किंवा खुरांचे दुखणे, यांपैकी काहीही शांत जनावराला चिडखोर किंवा घाबरट करू शकते. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असते. बराच काळ चारा न मिळाल्यास तेथे व्रण होतात आणि तंग आवळताच तो चावायला धावतो. अशा जनावराला धीराची नव्हे, पशुवैद्यकाची गरज असते.

आहार आणि राहणीमान हेही तपासायला हवे. दिवसभर खुंट्याला बांधलेले, भरपूर चंदी खाणारे आणि व्यायाम नसलेले तट्टू अंगातली साठलेली ऊर्जा कोठे ना कोठे बाहेर काढणारच. घोडा कळपात राहणारा प्राणी आहे. एकटे ठेवलेले तट्टू सदैव सावध राहते, कारण पहारा वाटून घ्यायला त्याच्याजवळ कोणी नसते. चारा, मोकळे हिंडणे आणि जोडीला दुसरे जनावर, एवढ्यानेच काही तट्टांचा निम्मा बुजरेपणा ओसरतो.

जमिनीवरचे काम

यानंतर शिकवणीला प्रारंभ होतो, तो पाठीवर नव्हे, तर जमिनीवर. घाबरलेल्या जनावराच्या पाठीवर बसून त्याला धीर देणे कठीण असते. शेजारी उभे राहून ते सोपे जाते. यासाठी साहित्य थोडेच लागते : नीट बसणारी म्होरकी, तीन-चार मीटर लांब दोर आणि कुंपण घातलेली शांत जागा. दोर हाताला कधीही गुंडाळू नये. तट्टू उधळले तर बोटे सापडतात. पायात बंद जोडे असावेत. उभे राहावे ते तट्टाच्या खांद्याजवळ. थेट समोर किंवा मागे राहू नये.

पहिला पाठ अगदी साधा असतो. दोरावर हलका ताण द्यावा आणि तट्टाने एक पाऊल पुढे टाकताच तो ताण त्याच क्षणी सोडावा. पुन्हा ताण, पुन्हा पाऊल, पुन्हा सुटका. घोडा शिकतो ते ताणातून नव्हे, तर ताण सुटण्यातून. कोणती कृती केली म्हणजे आराम मिळतो, हे तो अतिशय लवकर टिपतो. म्हणूनच सुटकेची वेळ चुकली, की धडाही चुकतो. तट्टू मागे खेचत असताना दोर सैल पडला, तर मागे खेचणे हेच बरोबर उत्तर, असे ते शिकते. पाऊल टाकल्यावरही दोर ताणलेलाच राहिला, तर या माणसाला हवे तरी काय, हे त्याला कधीच कळत नाही. उत्तर सापडत नसलेल्या जनावराची भीती वाढत जाते.

याच पद्धतीने पुढे जाणे, थांबणे, एक-दोन पावले मागे सरणे, मागचा भाग बाजूला हलवणे आणि मान खाली घेणे या गोष्टी शिकवाव्यात. त्या किरकोळ वाटतात. पुढे संकटाच्या वेळी उपयोगी पडतात त्या याच. ज्या तट्टाला ‘थांब’ म्हणजे काय हे शांतपणी पक्के ठाऊक आहे, त्याला घाबरलेल्या अवस्थेतही ते आठवण्याची शक्यता असते. यानंतर लांब दोरावर वर्तुळात फिरवण्याचे काम येते. घोडा फिरवणारे पूर्वी याला ‘कावा देणे’ म्हणत. येथे हेतू तट्टाला दमवण्याचा नसावा. चाल बदलणे, दिशा बदलणे, थांबून माणसाकडे पाहणे, यांतून त्याचे लक्ष माणसावर ठेवणे हा त्यामागचा उद्देश असतो. लहान वर्तुळात फार वेळ पळवल्यास सांध्यांवर ताण येतो, म्हणून दोन्ही दिशांना काही मिनिटे पुरेशी असतात.

खरारा हाही शिकवणीचाच भाग आहे. आयाळ संपते तेथे, मानेच्या बुडाशी, पाठीच्या सुरुवातीला जो उंचवटा असतो, तेथे घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात. फ्रान्समधील कामार्ग घोड्यांवर झालेल्या आणि 1993 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या जागी खाजवल्यास घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे आढळले. बुजऱ्या तट्टाच्या तोंडावर थोपटण्यापेक्षा या जागी सावकाश खाजवणे त्याला अधिक रुचते. खांद्यापासून सुरुवात करून हात हळूहळू मान, पोट, पाय असा न्यावा. तट्टू आकसले तर हात मागे घ्यावा, पण झटक्याने नव्हे.

भयाच्या वस्तूशी ओळख

घोड्याच्या भीतीविषयीची सर्वांत प्रसिद्ध कथा प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराने सांगितली आहे. ब्युसेफॅलस नावाचा घोडा कोणालाच आवरेना. बालवयातील अलेक्झांडरच्या लक्षात आले, की घोडा स्वतःच्याच हलत्या सावलीला बुजतो आहे. त्याने लगाम धरून त्याचे तोंड सूर्याकडे वळवले, सावली मागे पडली, थोडा वेळ त्याच्या बाजूने चालत त्याला शांत केले आणि मगच तो वर बसला. कथेतील राजपुत्राचे कौतुक बाजूला ठेवले, तरी क्रम लक्षात घेण्याजोगा आहे : आधी निरीक्षण, मग भीतीचे कारण दूर करणे, मग सोबत चालणे आणि शेवटी स्वारी.

सावली मागे टाकता येते. ताडपत्री, छत्री, मोटारसायकल यांना तट्टाच्या आयुष्यातून कायमचे हद्दपार करता येत नाही. त्यांच्याशी ओळख करून द्यावी लागते, आणि ती हप्त्याहप्त्याने. डेन्मार्कमधील संशोधक यान्ने विंथर क्रिस्टेन्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन वर्षांच्या घोड्यांना हलणाऱ्या पांढऱ्या नायलॉनच्या पिशवीची सवय तीन पद्धतींनी लावण्यात आली. एका गटापुढे पिशवीचा पूर्ण प्रकार पहिल्यापासूनच करण्यात आला, दुसऱ्या गटाला तिच्यासोबत खाऊ देण्यात आला, तर तिसऱ्या गटाला ती अगदी सौम्य रूपापासून पायरीपायरीने दाखवण्यात आली. या तिसऱ्या गटातील घोडे कमी वेळा दचकले आणि त्यांतील सर्व घोडे अखेर पिशवीला सरावले. इतर गटांतील काही घोडे मात्र सरावलेच नाहीत.

ताडपत्रीच्या बाबतीत हे असे करता येते. पहिल्या दिवशी ती घडी घालून दूर कोपऱ्यात ठेवावी. तट्टाला तिच्या दिशेने तेवढेच न्यावे, जेथे ते कान टवकारून पाहील पण मागे सरणार नाही. तेथे थांबावे. मान थोडी खाली आली, पापण्या मिटू-उघडू लागल्या, नाकपुड्या सैल झाल्या, की त्याला वळवून लांब न्यावे. हे लांब नेणेच त्याचे बक्षीस असते. पुढच्या फेरीत ते बहुधा आपणहून दोन पावले अधिक जाते. काही दिवसांनी ताडपत्रीचा एक कोपरा उलगडावा, मग अर्धी, मग पूर्ण. नंतर ती हातात धरून हलवावी, आणि शेवटी तट्टाला तिच्यावरून चालवावे. प्रत्येक पायरी दोन्ही बाजूंनी करावी. ते मध्येच दचकले, तर समजावे की पायरी फार उंच झाली. एक पायरी खाली यावे.

याउलट तट्टाला पक्के बांधून ताडपत्री त्याच्या अंगावर टाकायची आणि धडपड थांबेपर्यंत वाट पाहायची, ही रीत जलद दिसते. धडपड थांबते खरी, परंतु पुष्कळदा ते जनावर शांत झालेले नसते. सुटका नाही हे कळून ते गोठलेले असते. ताठ मान, स्थिर नजर, आवळलेले ओठ ही त्याची चिन्हे. असे तट्टू महिनोन्महिने निमूट वागते आणि एखाद्या दिवशी, नेमके मूल पाठीवर असताना, त्याचा स्फोट होतो.

हे ज्ञान नवे नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अथेन्सच्या झेनोफोनने अश्वारोहणावर लिहिलेल्या ग्रंथात घोड्याशी रागाच्या भरात कधीही वागू नये, असे बजावले आहे. बुजलेल्या घोड्याला मारून पुढे रेटल्यास त्याची भीती वाढते, कारण होणारी वेदना त्या वस्तूमुळेच होते असे त्याला वाटते, हे कारणही त्याने दिले आहे.

स्वाराची भीती

बुजऱ्या तट्टाच्या बाजूने सारे नीट केले, तरी दोराच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो. स्वीडनमध्ये झालेल्या आणि 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांना घोडा घेऊन ठरावीक अंतर चार वेळा पार करण्यास सांगितले. चौथ्या खेपेला वाटेत छत्री उघडली जाईल, अशी कल्पना त्यांना आधीच दिली होती. प्रत्यक्षात छत्री उघडलीच नाही. तरीही त्या खेपेला माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्यासोबतच्या घोड्यांचेही वाढले. घोड्याला छत्रीची काहीच कल्पना नव्हती. त्याच्यापर्यंत पोहोचली ती माणसाची धास्ती. ब्रिटनमधील ससेक्स विद्यापीठाने 2016 साली दाखवून दिले, की रागावलेल्या मानवी चेहऱ्याचे नुसते छायाचित्र पाहूनही घोड्याच्या हृदयाची गती वाढते.

म्हणून स्वाराने आधी स्वतःला तपासावे. खांदे वर चढले आहेत का, श्वास कोंडला आहे का, लगामावरची मूठ घट्ट झाली आहे का? दीर्घ श्वास सोडणे, नजर भयाच्या वस्तूवर न खिळवता पुढच्या वाटेवर ठेवणे, संथ आवाजात बोलत राहणे, यांचा लाभ दोघांनाही होतो. ज्या दिवशी मन अस्वस्थ आहे, त्या दिवशी नुसता खरारा करून थांबण्यात कमीपणा नाही. अकस्मात पडण्याचा अनुभव घेतलेल्या स्वाराने तर स्वतःसाठीही तट्टाइतक्याच लहान पायऱ्या आखाव्यात.

पाठीवर बसल्यावर

जमिनीवर थांबणे, वळणे, मागे सरणे पक्के झाल्यावरच स्वारीचा विचार करावा. पहिले काही दिवस खोगीर चढवणे, तंग टप्प्याटप्प्याने आवळणे, रिकिबीत पाय ठेवून भार देणे आणि पुन्हा खाली उतरणे, एवढेच करावे. चढताना लगाम सैल आणि तट्टू स्थिर असावे. बसताच चालू पडणारे तट्टू पुढच्या उतावळेपणाची तयारी करत असते. म्हणून बसल्यावर काही क्षण तसेच थांबण्याची सवय लावावी.

पहिली रपेट ओळखीच्या मैदानातच, सावकाश चालीत आणि दहा-पंधरा मिनिटांची असावी. जे जमिनीवर शिकवले, तेच पाठीवरून विचारावे. थांबवताना दोन्ही लगाम एकाच जोराने खेचून धरणे घाबरलेल्या तट्टाला कोंडल्यासारखे वाटते आणि ते अधिकच रेटा लावते. त्याऐवजी एका बाजूचा लगाम हळूहळू आखडून मान वळवावी, वर्तुळ लहान करत न्यावे आणि ते थांबताच लगाम सोडावा. हा उपाय सावकाश चालीत वारंवार घोटून घ्यावा. भरधाव पळत्या तट्टाला झटक्याने वळवल्यास ते कोलमडू शकते. सावकाश चाल शांतपणे जमल्याशिवाय दुडकीकडे आणि दुडकी एकसारखी झाल्याशिवाय त्यापुढच्या चालीकडे जाऊ नये.

बाहेर पडताना सोबतीला एक वयस्क, शांत घोडा असावा. प्रथम त्याने पुढे चालावे, मग दोघांनी शेजारी, आणि काही दिवसांनी बुजऱ्या तट्टाने पुढे. कळपातील अनुभवी सोबती न बुजता गेला, ही खात्री त्याला माणसाच्या शंभर शब्दांपेक्षा अधिक पटते. वाटेत ते थबकले, तर त्याला पाहू द्यावे. मागे वळू देऊ नये, आणि पुढे ढकलूही नये. त्याने एक पाऊल टाकले, की पायांचा दाब काढावा. फारच घाबरले, तर खाली उतरून शेजारून चालवत न्यावे. उतरणे म्हणजे हार, असे मानणाऱ्या स्वारांनी इस्पितळाची वाट अनेकदा धरली आहे. डोक्यावर नीट बसणारे शिरस्त्राण प्रत्येक वेळी असावे; शांत तट्टाच्या पाठीवरही.

माणसाळलेले की विझलेले?

माथेरानसारख्या ठिकाणी, जेथे मोटारींना मज्जाव आहे, पर्यटकांची ने-आण घोडे आणि तट्टे करतात. गर्दी, माकडे, प्लास्टिकच्या पिशव्या, ओरडणारी मुले यांतून ती चालत असतात. असा शांतपणा पाहून तो जन्मजात असावा असे वाटते. प्रत्यक्षात तो सवयीने, सोबतीने आणि ओळखीच्या माणसाच्या हाताने घडतो. अशा कोणत्याही तट्टावर मूल बसवण्यापूर्वी पालकांनी क्षणभर त्याच्याकडे पाहावे. कान आवाजाकडे वळतात का, जवळ आलेल्या माणसाची ते दखल घेते का, विसावताना एक मागचा पाय सैल सोडते का? निवांत जनावर आजूबाजूला पाहत असते. ज्याने पाहणेच सोडले आहे, त्याच्याविषयी सावध असावे.

या साऱ्याला किती काळ लागतो, याचे एकच उत्तर नाही. मार न खाल्लेले कोवळे तट्टू काही आठवड्यांत सावरते. हात बदलत आलेल्या तट्टाला अनेक महिने लागतात आणि एखाद्या पावसाळी दिवशी ते पुन्हा पहिल्या पायरीवर येऊन उभे राहते. तेव्हा शिकवलेले वाया गेले, असे समजू नये. खाली उतरलेल्या पायऱ्या दुसऱ्यांदा लवकर चढल्या जातात. दररोज थोडा वेळ काम करावे आणि ते नेहमी तट्टाला जमणाऱ्या गोष्टीवर संपवावे, एवढे पथ्य पुरेसे आहे.

त्या ताडपत्रीसमोर तट्टू पुन्हा थांबते, तेव्हा प्रगती कशी ओळखावी? ते न घाबरता पुढे निघून गेले, हे तिचे शेवटचे चिन्ह. त्याच्या बरेच आधी एक लहानसे चिन्ह दिसते. तट्टाचा एक कान ताडपत्रीकडे असतो आणि दुसरा मागे, स्वाराच्या दिशेने वळतो. पळण्यापूर्वी त्याने माणसाला विचारले आहे. त्या क्षणी हातातला लगाम सैल ठेवता आला, की पुढचे पाऊल ते स्वतःच टाकते.